रेघ कशानं वर जाते?

भारत आणि दक्षिण कोरिया या दोन देशांतल्या बायकांच्या शिक्षणाच्या रेघा एका कागदावर काढल्या, तर त्या साधारण अशा दिसतात. आडव्या बाजूला वर्षं, १९५० पासून २१०० पर्यंत. उभ्या बाजूला, शंभरातल्या किती बायका माध्यमिक शाळेपर्यंत पोचल्या, तो आकडा. कोरियाची रेघ विहिरीतून पोहरा ओढावा तशी झपाट्यानं वर येते, कागदाच्या माथ्याला टेकते आणि मग आडवी पडते. आपली रेघ बराच काळ तळाशी रांगत राहते, पुढे अंग झाडून उठते, आणि मधल्या, म्हणजे फार आशेच्याही नाही आणि फार निराशेच्याही नाही अशा अंदाजात, शतकाच्या अखेरीस कोरियाच्या रेघेजवळ येते. आज ना उद्या आपणही तिथं पोचणार, असं त्या कागदावरून वाटतं आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं.

मी बेळगावात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. रेघ दिसली की ती कशाची बनली आहे हे उकलून पाहायची खोड त्यामुळे जडली आहे. ही रेघ उकलली तेव्हा जे हाती लागलं, ते गणित म्हणून अगदी सोपं आहे. पण माणूस म्हणून त्याचं काय करायचं हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

असे दीर्घ मुदतीचे अंदाज करणारं एक मोठं केंद्र व्हिएन्नात आहे. वुल्फगांग लुट्झ आणि मूळचे नेपाळचे समीर के.सी. या लोकसंख्याशास्त्रज्ञांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. त्यांची पद्धत अशी. माणसाचं औपचारिक शिक्षण बहुधा तिशीच्या आत आटोपतं आणि मग ते जन्मभर त्याच्यासोबत चालतं. आज पस्तिशीची बाई सातवी झालेली असेल, तर २०५० साली ती साठीची असेल आणि सातवीच झालेली असेल. मधल्या काळात ती मरू शकते, दुसऱ्या देशात जाऊ शकते, पण आठवी होत नाही. म्हणून एकेका वयाच्या बायकांचा जथा घ्यायचा, त्यातल्या किती जगतील ते काढायचं आणि सगळा जथा पाच-पाच वर्षांनी पुढे सरकवायचा. लहान मुली आणि अजून जन्माला न आलेल्या मुली किती शिकतील, एवढंच काय ते गृहीत धरावं लागतं. बाकी सगळा जमाखर्च आहे. २०५० साली पन्नाशीच्या पुढे असणारी प्रत्येक भारतीय बाई आज या जगात आहे आणि तिच्या शाळेचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं आहे. या अंदाजांना भविष्यवाणी म्हणणं मला पटत नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘जर’नं सुरू होतं. आमच्या घरी ‘स्यात्’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला, त्यामुळे या ‘जर’वाल्या बोलीशी माझं लवकर जुळलं.

आता एक वाडी डोळ्यांसमोर आणा. तिथं शंभर मोठ्या बायका आहेत. साठ शाळेत गेलेल्या, चाळीस न गेलेल्या, आणि त्या चाळीस बहुतेक म्हाताऱ्या. पुढची वीस वर्षं त्या वाडीत कुणीही त्या चाळिसांना एक अक्षर शिकवत नाही. पोरी मात्र शाळेत जातात. वीस वर्षांत चाळिसातल्या तीस जणी जातात आणि त्यांच्या जागी शिकलेल्या तीस पोरी मोठ्या होऊन मोजणीत येतात. आकडा साठावरून नव्वदावर. गावात पाटी लागेल, भाषणं होतील. आणि जी बाई न शिकलेली होती, अशी किती जणी शिकली? एकही नाही.

रेघ वर जाते ती अशी. खालून शिकलेल्या पोरी येतात आणि वरून न शिकलेल्या म्हाताऱ्या गळून पडतात. यातली पहिली गोष्ट आपण सगळे बोलतो, दुसरी कुणी उच्चारत नाही. शिवाय या गणितात आणखी एक घटक असतो, तो खरा आहे म्हणूनच धरलेला असतो. न शिकलेल्या बायका शिकलेल्यांपेक्षा लवकर मरतात. त्यांना उपचार उशिरा मिळतात, त्यांचं काम जास्त मोडणारं असतं. म्हणजे त्यांच्या लवकर मरण्यानंही रेघेला वर जायला थोडा हातभारच लागतो. समाज असा एका पिढीला टाकून दुसरी आत घेत बदलत राहतो, याला लुट्झ यांनी चयापचयाची उपमा दिली आहे. उपमा नेमकी आहे, म्हणूनच ती मला टोचते. जे पचून बाहेर पडतं, त्यात माझी आज्जी आहे.

माझ्या वडिलांचं रविवार पेठेत आडत दुकान होतं. रोजमेळ, खतावणी, दिवाळीला वह्यांची पूजा, हे सगळं मी पाहिलेलं. येणं वसूल होत नाही असं दिसलं की ते बुडीत खात्याला टाकायचं. पण ज्याला देणं आहे तो माणूस वारला म्हणून देणं फिटलं, असं वडिलांनी कधी धरलं नाही. वारसाला बोलावून रक्कम द्यायचे. वारस नसला तर ती रक्कम वहीत तशीच पुढे ओढली जायची, वर्षानुवर्षं. मुनीमजी कुरकुरायचे की ही ओळ उगाच लिहावी लागते. वडील म्हणायचे, “लिहा. आपल्याकडे आहेत ते पैसे आपले नाहीत, एवढं दिसलं पाहिजे.”

आपल्या देशाच्या वहीत अशीच एक ओळ होती. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानं सांगितलं होतं की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. म्हणजे १९६० पर्यंत. १९५१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांमागे साक्षर नऊसुद्धा नव्हत्या, ८.८६. १९६१ ला पंधरा झाल्या. १९७१ ला बावीस. त्या दहा वर्षांत ज्या पोरी शाळेच्या वयाच्या होत्या, त्या आज सत्तर ते नव्वद वर्षांच्या आहेत. त्यांना दिलेला शब्द पाळला गेला नाही. शिक्षणाचा हक्क कायद्यानं यायला २००९ उजाडलं आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला, पण तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. ज्यांना आधी शब्द दिला होता, त्या तोवर साठीच्या घरात होत्या. २०११ ला स्त्री-साक्षरता चौसष्टच्या पुढे गेली तेव्हा आपण तिला प्रगती म्हटलं. ती प्रगती आहेच. पण वहीतली ती जुनी ओळ कुणी पुढे ओढली नाही. पान उलटताना ती गळली.

आता कोरियाकडे जाऊ, कारण तुलना मुळात त्याच्याशी आहे आणि ती उगाच केलेली नाही. १९४५ साली जपानी अंमल संपला तेव्हा कोरियात लिहितावाचता येणारे शंभरातले बावीसच्या आसपास होते, स्त्री-पुरुष मिळून. आपल्याकडे १९५१ ला स्त्री-पुरुष मिळून अठरा. व्याख्या थोड्या वेगळ्या असतील, पण निघण्याची जागा फार लांब नव्हती. त्यात कोरियात १९५० ते १९५३ युद्ध झालं. तरी १९५० चं दशक संपताना तिथली बहुतेक सगळी मुलं प्राथमिक शाळेत होती. जमिनीचं वाटप झालेलं होतं, त्यामुळे खेड्यातल्या कुटुंबाला पोरगं शाळेत धाडणं थोडंफार परवडत होतं. सहा वर्षांचं प्राथमिक शिक्षण आधी सगळ्यांना, मग माध्यमिकचं दार उघडायचं, मग उच्च माध्यमिकचं, असा क्रम त्यांनी धरला. १९६९ पासून माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षाच टप्प्याटप्प्यानं काढून टाकली. आपण याच काळात एका टोकाला उत्तम इंजिनिअरिंग कॉलेजं बांधत होतो आणि दुसऱ्या टोकाला एका शिक्षकावर चार इयत्ता चालवत होतो. ही निवड होती, ते नशीब नव्हतं, असं माझं मत आहे.

व्हिएन्नाच्या लोकांनी वेगवेगळे ‘जर’ मांडताना एका वाटेला जलद वाट असं नाव दिलं. जगातला प्रत्येक देश शक्य तितक्या वेगानं शाळा वाढवेल, असं त्यात धरलेलं. शक्य तितका वेग म्हणजे किती? त्यासाठी त्यांनी मागं वळून पाहिलं आणि सिंगापूर व दक्षिण कोरिया हे माप घेतलं. याचा अर्थ असा, की त्या कागदावर भारताच्या पोरींचं सर्वांत उज्ज्वल भविष्य म्हणजे कोरियाच्या पोरींचा भूतकाळ. २०११ साली लुट्झ आणि समीर के.सी. यांनी दाखवलं की जगानं ही जलद वाट धरली तर २०५० ची लोकसंख्या, शाळांची वाढ अगदी थांबली तर जेवढी होईल, तिच्यापेक्षा सुमारे शंभर कोटींनी कमी राहील.

इथं जरा थांबते. बायकांच्या शिक्षणाचा विषय निघाला की असा एखादा ‘शंभर कोटी’ लगेच पुढे येतो. बाई शिकली की मुलं कमी होतात, बाळं जगतात, देशाचं उत्पन्न वाढतं, हवामान बदलाचे अंदाजसुद्धा आता या तक्त्यांवर उभे असतात. सगळं खरं. पण पुरुषांच्या शिक्षणाला असं समर्थन लागत नाही. माझ्या भावाला कॉलेजात घातलं तेव्हा त्यानं बालमृत्यू घटतील का, असं कुणी विचारलं नव्हतं. शिक्षणाचं कारण जर बाईच्या बाहेर असेल, तर मुलं होण्याचं वय उलटलेल्या बाईला शिकवायचं कारणच संपतं. म्हाताऱ्या बायका धोरणातून कशा गळतात, याचं उत्तर मला इथं थोडं सापडतं. त्या शिकून कुणाचाच आकडा सुधारणार नसतो.

कोरियाची वाट जलद होती, पण ती रिकाम्या पोटांवरून आणि विशेषतः मुलींच्या पाठीवरून गेली. साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यातल्या पोरी प्राथमिक शाळा संपवून सोलच्या कापडाच्या, केसांच्या टोपांच्या कारखान्यांत गेल्या. तिथून पाठवलेल्या पैशांवर घरातले भाऊ शिकले. आकड्यात या बहिणी ‘प्राथमिक’ म्हणून गोठल्या आणि आजही तशाच पुढे सरकताहेत. निपाणी-चिकोडीकडच्या बाईला ही गोष्ट परकी वाटणार नाही. विड्या वळून भावाची फी भरणाऱ्या बहिणी आमच्या भागात गल्लोगल्ली होत्या. भाऊ मास्तर झाला, तलाठी झाला, बहिणीच्या बोटांना तंबाखूचा वास राहिला. दोन्ही देशांत मुलांची रेघ आधी उठली आणि मुलींची मागून, यामागे हा हिशेब आहे. फरक इतकाच की कोरियात त्या बहिणीच्या पोटच्या पोरीला पुढे कुणी थांबवलं नाही. आपल्याकडे तिसऱ्या पिढीतही अजून दहावीला थांबवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत दहा किंवा जास्त वर्षं शाळा केलेल्या ४१ टक्के होत्या. हा पूर्ण देशाचा आकडा. त्यात केरळही आहे आणि बिहारही, त्यामुळे भारताची एक रेघ काढणं हीच थोडी धाडसाची गोष्ट आहे.

आणि जी रेघ माथ्याला टेकली, तिथं काय आहे? कोरियात आज २५ ते ३४ वयाच्या चार बायकांमागे तीन उच्च शिक्षण घेतलेल्या आहेत, त्या वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त. तरी स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत श्रीमंत देशांच्या यादीत कोरियात सर्वांत मोठी, तीस टक्क्यांच्या आसपास. २०२३ साली तिथं एका स्त्रीमागे सरासरी मुलं ०.७२ इतकी उरली. इतकं शिकलेल्या मुलींनी लग्नाकडे, घराकडे आणि नोकरीतून उठवून घरी बसवणाऱ्या रीतीकडे पाहिलं आणि नको म्हटलं. कुणी याला संकट म्हणतं. मला तो संप वाटतो, निरोप न देता केलेला. आपल्याकडे उच्च शिक्षणात मुलींची नोंद मुलांच्या बरोबरीला आलेली आहे. आपल्या मुली पुढे काय म्हणतील, ते व्हिएन्नाच्या तक्त्यात लिहिलेलं नाही आणि तसं त्यात लिहिलेलं असावं अशी अपेक्षाही नाही. दोन रेघा एका जागी आल्या म्हणजे दोन देशांतल्या बायकांचं आयुष्य एका जागी आलं, असं फक्त धरू नये.

पण याच कोरियात एक गोष्ट घडली आणि तिच्यासाठी मी हा सगळा कागद पुन्हा काढला. मुलं इतकी कमी झाली की खेड्यातल्या शाळांत पहिलीत बसायला कुणी उरेना. २०१९ साली दक्षिणेकडच्या गांगजिन भागातल्या एका शाळेनं सत्तरीच्या आसपासच्या निरक्षर बायकांना पहिलीत दाखल केलं. पाठीवर दप्तर, शाळेची बस, छोटी बाकं. लहानपणी या बायकांना शाळेत घातलं नव्हतं, भाऊ गेले आणि त्या डुकरं राखत, सरपण आणत घरी राहिल्या. त्यातल्या एकीला इतकंच हवं होतं की मुलांना आपल्या हातानं पत्र लिहावं. चिलगोक नावाच्या दुसऱ्या भागात म्हाताऱ्या बायका अक्षरं शिकल्या, कविता लिहू लागल्या. २०२० साली त्यातल्या पाच जणींच्या हस्ताक्षरांवरून संगणकासाठी टंक तयार केले गेले. खरं तर कोरियानं पन्नासच्या दशकात निरक्षरता निर्मूलनाची पाच वर्षांची योजना राबवली होती आणि सरकारी कागदावर निरक्षर अगदी थोडे उरले होते. या बायका त्या थोड्यांतल्या, किंवा मोजणाऱ्यानं उंबऱ्यावरूनच साक्षर ठरवलेल्या.

आपल्याकडेही असं झालं आहे आणि तेही आधी. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, हातात पाटी, वय साठापासून नव्वदापर्यंत. गावात पारायण चालू असताना, आपल्याला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हाताऱ्या बोलल्या आणि त्यातून ती शाळा निघाली.

फांगणेच्या आजी आणि गांगजिनच्या आजी यांनी दोन्ही रेघांना धक्का लावलेला नाही. तक्त्यात तिशीनंतर कुणी एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जात नाही. पद्धत म्हणून ते बरोबर आहे, अशा बायका इतक्या थोड्या आहेत की कोट्यवधींच्या हिशेबात त्या दिसणार नाहीत. पण त्या इतक्या थोड्या का आहेत, हा प्रश्न पद्धतीचा नाही. ‘प्रौढ बाई शिकत नाही’ असं आपण धरतो, म्हणून तिच्यासाठी काही करत नाही, म्हणून ती शिकत नाही आणि मग आपलं धरणं खरं ठरतं. १९९० मध्ये एर्नाकुलम पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना शिकवलं होतं. केरळातल्या कार्त्यायनी अम्मा २०१८ साली शहाण्णवाव्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून पहिल्या आल्या. तेव्हा हे होत नाही असं नाही.

यावर माझ्या एका अर्थशास्त्रवाल्या मैत्रिणीचं म्हणणं वेगळं होतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ती म्हणाली, “अगं, पैसा एकच आहे. सहा वर्षांच्या पोरीवर खर्च केलास तर साठ-सत्तर वर्षं तो उपयोगी पडतो. ऐंशीच्या म्हातारीवर केलास तर किती दिवस? भावनेनं धोरण चालत नाही.” मला तिचं गणित मान्य आहे. पोरीची शाळा आणि म्हातारीची शाळा यांत एकच निवडायची असेल तर मीही पोरीची निवडीन आणि माझी आज्जी असती तर तिनंही तेच निवडलं असतं, बायका हे फार चटकन निवडतात. पण खरोखर त्यातलं एकच निवडायचं असतं का? फांगणेच्या वर्गाला एक खोली, एक शिक्षिका, पाट्या आणि दुपारचे दोन तास लागले. शिवाय मैत्रिणीचं गणित गुंतवणुकीचं आहे. गुंतवणूक कुठं करायची हे ठरवताना फायदा पाहतात. देणं फेडताना ज्याला द्यायचं तो आणखी किती वर्षं जगेल, हे पाहत नाहीत. आपण म्हातारीला गुंतवणुकीच्या रकान्यात बसवलं की ती हरणारच. तिचा रकाना दुसरा आहे.

ही कल्पना काही नवी नाही. मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात सुमतीबाई शहांनी श्राविकाश्रम चालवले, तिथं येणाऱ्या कितीतरी बायका विधवा, शाळेचं वय कधीच उलटून गेलेल्या. त्यांना शिकवून काय मिळणार, असं तेव्हाही लोक म्हणतच असणार. आमच्या समाजात बोर्डिंगं मात्र आधी मुलांची निघाली, हेही सांगून टाकते.

माझी आज्जी शाळेची पायरी चढली नव्हती. मंदिरातल्या एका म्हाताऱ्या बाईकडून ती बाळबोध अक्षरं शिकली, पोथीपुरती. रोज सकाळी अंघोळ करून ती बोट ठेवत ठेवत वाचायची, ओठ हलायचे, मध्येच थांबून अर्थ लावायची आणि एखाद्या ओळीशी चक्क भांडायची. पण एसटी स्टँडवर तिला काही वाचता यायचं नाही, कारण पाट्या कानडीत. बोलायला तिला दोन्ही भाषा सारख्याच यायच्या, वाचायला एकच. सहीऐवजी ती कागदावर सावकाश आपलं नाव लिहायची आणि मागं बसलेला कारकून अंगठ्याचं शाईपॅड पुढे सरकवून वाट पाहायचा. जनगणनेत अशा माणसांसाठी एक रकाना असतो, ‘शैक्षणिक पातळीविना साक्षर’. व्हिएन्नाच्या तक्त्यापर्यंत पोचताना तिच्यासारख्या बायका बहुधा सर्वांत खालच्या पट्टीत बसतात, तिथं लिहिलेलं असतं, शिक्षण नाही. ती १९८४ साली गेली. त्या वर्षी त्या पट्टीतून एक वजा झाली आणि आपली रेघ केसाइतकी का होईना, वर सरकली असणार.

आमच्या गल्लीत सध्या १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी असलेल्या सरकारी कार्यक्रमात एक वर्ग चालतो. शिकवणारी कॉलेजातली मुलगी आहे, वर्गात नऊ बायका, त्यातल्या तिघी सत्तरीच्या पुढच्या. वर्गाची नोंद मोबाइलवर करायची असते आणि म्हाताऱ्यांची नावं घालायची की नको, असा प्रश्न त्या मुलीला पडला, कारण या परीक्षेला बसणार नाहीत आणि मग आपला निकाल खाली दिसेल. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, घाल. त्यातल्या एकीला पासबुकातला शेवटचा आकडा वाचायचा आहे, एकीला नातवाचा निरोप, तिसरी म्हणते अजून ठरवलं नाही. ऊसतोडीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो. या तिघी मात्र येतात, त्यांना आता कुणी ऊस तोडायला नेत नाही.